घड्याळ लावून लिहिलं, म्हणून काय बिघडलं?

अँथनी ट्रॉलपच्या चाहत्यांनी त्याचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं त्याच्या टीकाकारांनाही जमलेलं नाही. चाहत्याला विचारा, ट्रॉलपच्या 47 कादंबऱ्यांमधली तुमची आवडती कोणती? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: 'बारचेस्टर टॉवर्स'. का आवडते, असं विचारलं की ऐकू येतं: वाचून बरं वाटतं. कॅथीड्रलचं निवांत गाव, भांडकुदळ पण मनाने वाईट नसलेले पाद्री, हिरवळीवरच्या मेजवान्या, शेवटी एक लग्न. डिकन्ससारखी उपासमार नाही, हार्डीसारखा फास नाही. रात्री दोन प्रकरणं वाचावीत आणि दिवा मालवावा.

टीकाकाराचं म्हणणं वरवर याच्या उलट वाटतं. हा कसला कलावंत, पोस्टातला कारकून! सकाळी घड्याळ समोर ठेवून शब्द मोजायचा, एक कादंबरी संपली की दुसरी सुरू करायचा, कुठून किती पैसे आले याचा हिशेब लिहून ठेवायचा. पाट्या टाकणारा लेखक.

दोघांचं म्हणणं बारकाईने ऐका. दोघेही एकच गोष्ट सांगताहेत: हा लेखक निरुपद्रवी आहे. एकाला ते आवडतं, दुसऱ्याला आवडत नाही, एवढाच फरक. मला हे मुळातच मान्य नाही. व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या मोठ्या कादंबरीकारांत पैसा, पद आणि लाज या तीन गोष्टी माणसाच्या मनात नेमक्या कशा फिरतात हे ट्रॉलपइतकं निर्दयपणे कुणी पाहिलं नाही. वाचकांच्या आवडीच्या यादीत 'बारचेस्टर टॉवर्स' पहिली का येते ते कळतं, पण ती जागा तिची नाही.

आधी घड्याळाचं पाहू, कारण सगळी बदनामी तिथून सुरू झाली. ट्रॉलप 1882 मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी त्याचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं. त्यात त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसलेला असे. त्यासाठी उठवायला येणाऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचण्यात जाई. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. न्याहारीच्या आत काम संपे आणि मग दिवसभर टपाल खात्याची नोकरी. या आठवड्यात किती पानं झाली याची वही होती. आत्मचरित्राच्या शेवटी त्याने पुस्तकांनी मिळवून दिलेल्या पैशांची यादी दिली आणि बेरीजही केली: 68,939 पौंड, 17 शिलिंग, 5 पेन्स. ते पाच पेन्स लोकांना सहन झाले नाहीत. लेखकाने पैसे मिळवावेत, याला कुणाची हरकत नसते. त्याने ते मोजावेत, याला असते.

आता ही शिस्त त्याला कुणी लावली? आईने. वडील थॉमस ट्रॉलप वकिलीत बुडाले, मग शेतीत बुडाले. 1834 मध्ये सावकार आणि जप्ती टाळायला सगळं कुटुंब बेल्जियममधल्या ब्रूझ गावी पळालं. तिथे अँथनीचा भाऊ हेन्री क्षयाने मरत होता, पाठोपाठ वडील अंथरुणाला खिळले. आई, फ्रान्सिस ट्रॉलप, पन्नाशी ओलांडलेली. पहिलं पुस्तकही तिने त्याच वयात लिहिलेलं. दिवसा आणि रात्री आजाऱ्यांची सेवा, मधल्या वेळात कादंबरी, कारण घर त्या कादंबरीवर चालत होतं. ट्रॉलपने लिहून ठेवलंय की आईच्या खोलीत औषधाच्या बाटल्या आणि शाईची बाटली यांचा मान सारखाच होता. मरणाऱ्या मुलाच्या शेजारच्या खोलीत बसून हलकंफुलकं लिहिणारी आई ज्याने पाहिली, त्याला कुणी प्रतिभेच्या झटक्याची वाट पाहण्याबद्दल प्रवचन देऊ नये. स्फूर्तीपेक्षा खुर्चीला चिकटून बसण्याचा लेखकाला जास्त उपयोग होतो, असं तो थट्टेने म्हणायचा. ती थट्टा त्याला ब्रूझमध्ये शिकायला मिळाली होती.

आणि रतीब कोण घालत नव्हतं? डिकन्सच्या कादंबऱ्या महिन्याच्या नाहीतर आठवड्याच्या हप्त्याने निघत आणि छापखान्याचा माणूस दारात उभा असे. थॅकरेचं तेच. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक'मध्ये हप्त्याहप्त्यानेच आली. तिच्यातल्या यमूचं दुःख तारखेला द्यावं लागलं म्हणून कमी खरं झालं, असं कुणी म्हणत नाही. दिवाळी अंकासाठी गणपतीच्या आत कथा संपवणारे आपले लेखकही काही देवदूत नव्हेत. ट्रॉलपचा गुन्हा वेळापत्रक पाळण्याचा नव्हता, ते जाहीर करण्याचा होता. 1875 मध्ये हेन्री जेम्स त्याच्याबरोबर एकाच बोटीने अटलांटिक ओलांडत होता. हा माणूस रोज सकाळी केबिनमध्ये बसून लिहितो हे त्याने पाहिलं आणि नंतर त्याच्या अफाट लिखाणाबद्दल नाकही मुरडलं. तरी त्याच जेम्सने ट्रॉलपवरच्या लेखात कबूल केलं की नेहमीच्या, साध्या गोष्टींची पूर्ण जाण हे या माणसाचं थोरपण आहे. बोट हलत असताना ज्याला लिहिता येतं, त्याच्या डोक्यात पात्रं किती पक्की बसली असतील, याचा विचार टीकाकार करत नाहीत.

कारकुनीचा टोमणा तर मला थेट उलटवावासा वाटतो. 1834 मध्ये वर्षाला 90 पौंडांवर तो टपाल खात्यात लागला आणि 33 वर्षं तिथे राहिला. पहिली काही वर्षं लंडनच्या कचेरीत वाईट गेली. 1841 मध्ये आयर्लंडला बदली झाली आणि माणूस बदलला. घोड्यावरून खेडोपाडी फिरून पोस्टमन कुठून जातो, पत्र किती वाजता पोचतं, कोण जादा पैसे उकळतो हे तो स्वतः तपासायचा. रस्त्यावरची टपालपेटी ब्रिटिश टपालव्यवस्थेत आली ती त्याच्या शिफारशीवरून, 1852 मध्ये, चॅनल बेटांवर. 1858 मध्ये खात्याने त्याला इजिप्तला पाठवलं. हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियाची डाक अलेक्झांड्रियाहून सुएझपर्यंत रेल्वेने न्यायची होती, त्याचा करार करायला. तिथला अधिकारी नुबार बे म्हणत होता, 48 तास लागतील. ट्रॉलप 24 वर अडून बसला आणि 24 च करून घेतले. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळी विलायतेची डाक मुंबईला एक दिवस लवकर आली असेल, तर त्यात 'बारचेस्टर टॉवर्स'च्या लेखकाचाही हात होता. याच दौऱ्यात त्याने 'डॉक्टर थॉर्न' पुरी केली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची कादंबरी सुरू केली. टीकाकार यातलं शेवटचं वाक्य सांगतात, आधीची सगळी गाळतात.

या नोकरीने त्याला काय दिलं? बढती कशी ठरते, शिफारस कशी चालते, वरिष्ठाच्या खोलीत शिरताना माणसाचा आवाज कसा बदलतो, दोन पगारांमधल्या फरकाने दोन भावांमध्ये काय होतं, याची माहिती दिली. ट्रॉलपच्या कादंबरीत कोण किती मिळवतो हे तुम्हाला नेहमी कळतं. पाद्री असो, खासदार असो, लग्नाची मुलगी असो, वर्षाचं उत्पन्न आधी सांगितलं जातं. हे रूक्ष वाटणाऱ्यांनी आपल्या घरातल्या लग्नाच्या बोलण्या एकदा आठवून पाहाव्यात.

आता 'निवांत गावा'बद्दल. बारसेटशायर मालिकेची पहिली कादंबरी 'द वॉर्डन', 1855 ची. तिचा विषय काय? 1434 मध्ये मेलेल्या जॉन हायरम या लोकरीच्या व्यापाऱ्याने बारा म्हाताऱ्या गरिबांसाठी इस्टेट ठेवली. चारशे वर्षांत जमिनीचं उत्पन्न वाढलं. म्हाताऱ्यांना रोजचे एक शिलिंग चार पेन्स, आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या वॉर्डनला वर्षाला 800 पौंड. वॉर्डन आहे सेप्टिमस हार्डिंग. इतका सालस माणूस की स्वतःच्या खिशातून त्याने प्रत्येकाला रोज दोन पेन्स वाढवून दिलेत. हे 800 पौंड न्याय्य आहेत का, असा प्रश्न त्याच्याच मुलीवर प्रेम करणारा तरुण सुधारक उभा करतो. वर्तमानपत्र तो उचलतं, एका सभ्य म्हाताऱ्याला लुटारू ठरवतं. मोठा वकील सांगतो, कायद्याने तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. पण हार्डिंगला कायदा नकोय. आपण जे खातो ते आपलं आहे का, एवढंच त्याला हवंय, आणि ते कुणी सांगत नाही. वकिलासमोर उभा राहून तो राजीनाम्याचं बोलतो तेव्हा त्याचे हात हवेत नसलेला चेलो वाजवायला लागतात, धनुकलीसकट, आणि वकील बघतच राहतो. संकोच झाला की हार्डिंग हेच करतो, फक्त एरवी तो ते हळूच करतो. त्या रात्री तो जोरात वाजवतो.

राजीनामा दिल्यावर काय होतं? न्याय होतो? नाही. वॉर्डनची जागा रिकामी राहते, म्हाताऱ्यांना वाढीव पैसे मिळत नाहीत, उलट हार्डिंगचे दोन पेन्सही जातात. सहा जण मरतात आणि त्यांच्या जागी कुणालाही घेतलं जात नाही. सुधारकाचं चुकलं नव्हतं, वर्तमानपत्राचा प्रश्नही खोटा नव्हता, हार्डिंगही प्रामाणिक होता. तरी बारा म्हाताऱ्यांची धूळधाण झाली. याला कुणी 'बरं वाटणारं' म्हणत असेल तर त्याचं बरं वाटणं तपासायला हवं.

बरं, खुद्द लाडकी 'बारचेस्टर टॉवर्स' (1857) घ्या. लोकांना आठवतो तो बिशपच्या घरचा समारंभ. पायाने अधू, कोचावर पडून दरबार भरवणारी सिन्योरा नेरोनी, तिचा भाऊ कोच ढकलतो, त्याच्या चाकात बिशपपत्नी मिसेस प्राउडीच्या झग्याचा घोळ अडकतो आणि लेस टराटरा फाटते. धमाल आहे, वादच नाही. पण त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण कुणाच्या बोलण्यात येत नाही. म्हातारा बिशप मरायला टेकलाय. शेजारी त्याचा मुलगा, आर्चडीकन ग्रँटली, बसलाय. मंत्रिमंडळ चार-सहा दिवसांत पडणार हे पक्कं. वडील त्याआधी गेले तर बिशपपद मुलाला मिळणार. नंतर गेले तर नव्या सरकारचा माणूस येणार. वडिलांचं वैद्यांनी ठरवलेलं मरण महिनाभर लांबलंय. मुलगा त्यांच्या श्वासाकडे बघत बसलाय. मग तो स्वतःला विचारतो, वडील मरावेत अशी मला इच्छा आहे का? आणि उत्तर कळल्यावर पलंगाशी गुडघे टेकून क्षमा मागतो. ट्रॉलप त्याला ढोंगी म्हणत नाही. ती प्रार्थना खरी आहे. पण वडील गेल्यावर लंडनला तार करायची असते आणि ती हार्डिंगच्या नावाने जाते, कारण आर्चडीकनला आपलं नाव त्यावर नकोय. तार निघते तेव्हा मंत्रिमंडळ आधीच पडलेलं असतं.

वाटणीच्या कागदावर डोळा ठेवून म्हाताऱ्याच्या उशाशी बसलेली मुलं मराठी वाचकाला नवीन नाहीत. नवीन हे आहे की लेखक त्या मुलावर थुंकत नाही, त्याला सोडतही नाही. ज्या माणसाचं खरं दुःख आणि खरा लोभ एकाच क्षणी चाललेत, त्याच्याकडे तो डोळे न मिटता बघतो. ही निवांत कादंबरीची सुरुवात!

याच पुस्तकावर आणखी एक जुना आक्षेप आहे: ट्रॉलपला कथानक रचता येत नाही. विधवा एलिनॉर, म्हणजे हार्डिंगची मुलगी, कुणाशी लग्न करणार हे गूढ असताना लेखक मध्येच येतो आणि सांगून टाकतो की घाबरू नका, ती मिस्टर स्लोपशीही लग्न करणार नाही आणि बर्टी स्टॅनहोपशीही नाही. हेन्री जेम्सला असल्या लुडबुडीचा राग होता. वाचकाला आठवण करून देणं की हे सगळं रचलेलं आहे, म्हणजे कलेचा द्रोह. मला वाटतं, इथे जेम्स चुकला. काय होणार हे सांगून टाकल्यावर वाचकाकडे एकच काम उरतं, कसं होतंय ते बघणं. कीर्तनाला बसलेल्या माणसाला सीताहरण होणार हे ठाऊक असतं. म्हणून तो उठून जात नाही. गूढ काढून टाकून ट्रॉलपने स्वतःचं काम अवघड करून घेतलं, सोपं नव्हे.

म्हणजे 'बारचेस्टर टॉवर्स' वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं असं की ती मांडणी आहे आणि तिचा हिशेब दहा वर्षांनी चुकता झाला. ते पुस्तक म्हणजे 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बारसेट'. 1866-67 मध्ये सहा पेन्सच्या 32 साप्ताहिक भागांत निघालं. ट्रॉलप स्वतः याला आपली सगळ्यात चांगली कादंबरी मानत असे, आणि लेखकाचं स्वतःबद्दलचं मत सहसा धरू नये असं मानणाऱ्या मला हे मत मात्र बिनशर्त मान्य आहे.

जोसाया क्रॉली. हॉगलस्टॉक या वीटभट्ट्यांच्या गावचा पाद्री, वर्षाला 130 पौंड. बायको, तीन मुलं, कर्ज. ग्रीक, लॅटिन, हिब्रू येणारा, डिसेंबरच्या थंडीत मुलीला ग्रीक काव्य शिकवणारा आणि खाटकाचं बिल देऊ न शकणारा. त्याने खाटकाला वीस पौंडांचा एक चेक दिला आणि तो चेक दुसऱ्याचाच, हरवलेला निघाला. तुला कुठून मिळाला? क्रॉली आधी एक सांगतो, ते खोटं ठरतं. मग सांगतो, डीनने दिला. डीन म्हणतो, मी पैसे दिले पण चेक नाही. आता क्रॉलीला स्वतःलाच आठवत नाही. आपण चोर आहोत की वेडे, हे त्याला कळत नाही, आणि दोन्हींपैकी कोणतं पत्करावं हेही.

कुणी दुसऱ्या लेखकाने अशा गरिबाला देवमाणूस केलं असतं. ट्रॉलपचा क्रॉली असह्य आहे. त्याचा अहंकार भयंकर. बिशप त्याला भेटायला बोलावतो तेव्हा तो चालत निघतो, आणि रस्त्यात त्याच्या मनात काय चाललंय ते ट्रॉलप सांगतो. माझे बूट चिखलाने बरबटलेले असतील, कपडे विटलेले, मी घामाघूम आणि उपाशी, आणि समोर बिशप गुळगुळीत, स्वच्छ, पोटभर जेवलेला. या चित्राने क्रॉली सुखावतो. चिखल हे त्याचं भूषण आहे. तेवढ्यात शेतकरी मँगल गाडी थांबवून त्याला वाटेत सोडायला तयार होतो, आणि ही सोय बायकोने परस्पर करून ठेवलीय असा वास क्रॉलीला येतो. हौतात्म्यातले काही मैल कमी झाले म्हणून तो खट्टू होतो! गरिबीत माणूस दुःख कसं कुरवाळतो, घरच्यांचं प्रेमही त्याला कसं टोचतं, हे इतक्या जवळून दाखवायला नुसती सहानुभूती पुरत नाही, थोडी क्रूरता लागते.

बिशपच्या दालनात मिसेस प्राउडी नेहमीप्रमाणे नवऱ्याच्या आधी बोलते. क्रॉली तिच्याकडे बघतही नाही, सगळं उत्तर बिशपला. ती परत बोलते. शेवटी तो दोन शब्दांत तिला गप्प करतो. एका चिखलाने माखलेल्या, चोरीचा आळ असलेल्या पाद्र्याने ते केलं, जे तिच्या नवऱ्याला आणि सगळ्या बारचेस्टरला बारा वर्षांत जमलं नव्हतं. बिशप खुर्चीतून उडतो. रागाने कमी, कौतुकाने जास्त. पण विजय तिथेच संपतो. क्रॉली परत पायी घरी येतो, आणि घरी चूल तशीच असते.

मग येतो जाइल्स हॉगेट. म्हातारा वीटकामगार, शाळा न शिकलेला. पावसात भिजत चाललेल्या क्रॉलीला तो सांगतो की अशा वेळी विचार करत बसून काही होत नाही, नेट लावून रेटत राहावं लागतं. सगळं ग्रीक पाठ असलेल्या माणसाला हे वाक्य शिकवण म्हणून लागतं आणि तो ते मनात घोळवत घरी जातो. मुद्दा लक्षात घ्या: ट्रॉलप हॉगेटलाही ऋषी बनवत नाही. पुढच्या पानापासून तो नाहीसा होतो.

आणि तो चेक? तो एलिनॉरने पाकिटात घातलेला असतो. हो, तीच 'बारचेस्टर टॉवर्स'ची नायिका, जिच्या लग्नाने आपल्याला रात्री शांत झोप लागली. आता ती डीनची बायको आहे. नवरा क्रॉलीला पन्नास पौंड देतोय हे पाहून तिने त्याला न सांगता वीस पौंडांचा चेक आत सरकवला, म्हणजे मानी माणसाला जास्त वाटू नये. आणि मग ती इटलीला निघून गेली. तिच्या भलेपणाने एक माणूस वेडाच्या काठावर गेला, एक कुटुंब चोराचं कुटुंब झालं. लाडक्या पुस्तकाचा सुखान्त ट्रॉलपने असा परत घेतला. 'बारचेस्टर'वर थांबणाऱ्याला हे कळतच नाही, आणि म्हणून त्याला ट्रॉलप सौम्य वाटतो.

मिसेस प्राउडीही याच पुस्तकात मरते. त्यामागची गोष्ट आत्मचरित्रात आहे. अथेनियम क्लबात दोन पाद्री तीच तीच पात्रं परत आणतो म्हणून ट्रॉलपला शिव्या देत बसले होते. ट्रॉलपने ते ऐकलं, उठून जवळ गेला आणि म्हणाला, घरी जाऊन आठवड्याच्या आत तिला मारतो. हा किस्सा लोक हसण्यासाठी सांगतात. तिचं मरण वाचा म्हणजे हसू जातं. ज्या नवऱ्यावर आयुष्यभर सत्ता गाजवली, त्याने शेवटी एकदाच तोंडावर सांगितलं की तू माझी अब्रू घालवलीस. ती खोलीत जाते आणि पलंगाचा खांब धरून, उभ्याउभ्या मरते. ते वाचताना मला तिचीच दया आली, आणि वाईट वाटलं त्याचं कारण हेच की ती दया तिला जिवंतपणी कुणीही दाखवली नव्हती, मीही नाही.

आता दुसऱ्या टोकाचे चाहते. त्यांची आवडती 'द वे वी लिव्ह नाऊ' (1874-75). मेलमॉट नावाचा कुठून तरी आलेला धनाढ्य, सॉल्ट लेक सिटीपासून मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझपर्यंतची रेल्वे, जी बांधायची कुणाच्याच मनात नाही. शेअर मात्र वर चढताहेत. चीनच्या सम्राटाला मेजवानी, वेस्टमिन्स्टरची खासदारकी, बनावट सह्या, शेवटी विष. प्रत्येक नवा घोटाळा उघडकीला आला की कुणीतरी या पुस्तकाची आठवण काढतं. मेलमॉट खरोखर जबरदस्त आहे. दिवाळं निघाल्यावर तो एकटा संसदेत जाऊन बसतो आणि शेजारचे सगळे थोडे थोडे सरकतात, तेवढ्यासाठी पुस्तक वाचावं. पण तिच्यातले प्रेमी इतके पिळपिळीत आहेत की मेलमॉट नसलेली पानं ढकलत न्यावी लागतात. घोटाळ्याचं भाकीत केलं म्हणून कादंबरी थोर होत नाही.

त्यापेक्षा 'ही न्यू ही वॉज राइट' (1869) किती तरी वरची. बायकोवर संशय घेणारा लुई ट्रेव्हेलियन. बायको निर्दोष, पण हट्टी. तिच्याशी गप्पा मारायला येणारा म्हातारा कर्नल निव्वळ खोडसाळ. कुणी एक माणूस एकदा 'चुकलं' म्हणाला असता तर सगळं मिटलं असतं. कुणी म्हणत नाही. शेवटी नवरा मूल पळवून इटलीतल्या एका उजाड घरात जाऊन राहतो आणि वेडा होतो. ट्रॉलपला स्वतःला ही कादंबरी फसली असं वाटलं. इथे मात्र लेखकाचं मत धरू नये.

दोष नाहीत का? आहेत, आणि मोठे आहेत. तीन खंडांचा आकार भरायला त्याने पाणी घातलंय. 'लास्ट क्रॉनिकल'मधला लंडनचा चित्रकार आणि त्याच्या भोवतीची मंडळी वगळून पुढे गेलात तर काही बिघडणार नाही, मी बिनदिक्कत तसा सल्ला देतो. वेस्ट इंडीजवर 1859 मध्ये त्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात काळ्या लोकांबद्दल जे आहे ते आज वाचवत नाही. ज्यू सावकारांबद्दल तो त्या काळच्या क्लबातल्या माणसासारखाच बोलतो. आणि आपल्याबद्दल? 'द युस्टेस डायमंड्स'मध्ये 'सवाब ऑफ मायगॉब' नावाचा एक हिंदुस्थानी संस्थानिक येतो. येतो म्हणजे त्याचं नुसतं नाव येतं. लॉर्ड फॉन हा इंडिया ऑफिसातला उपमंत्री त्याचा हक्क नाकारतो, नायक फ्रँक ग्रेस्टॉक संसदेत त्याची बाजू घेतो, आणि त्यावरून लंडनच्या दिवाणखान्यात प्रेमभंग आणि भांडणं होतात. राजाचं काय झालं याची कुणालाच फिकीर नाही. बाजू घेणाऱ्यालाही नाही. हे इतकं अचूक चित्र आहे की वाटतं, लेखकाला सगळं कळलंय. मग लक्षात येतं, त्या राजाला एक चेहरा द्यावा असं लेखकालाही वाटलेलं नाही. 1858 नंतरचं लंडन हिंदुस्थानबद्दल असंच बोलत असणार. आपण ते वाचावं आणि विसरू नये.

पण हे दोष दाखवताना चाहते कुठे असतात? ते म्हणतात, जाऊ द्या हो, गोड लेखक आहे. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना इंग्लंडमध्ये ट्रॉलपची मागणी एकदम वाढली, हा दाखला ते देतात: बघा, किती दिलासा देणारा! मला तो दाखला वेगळा वाटतो. ज्यांच्या घरादाराचा उद्याचा भरवसा नव्हता, त्यांना खोट्या सुखाची पुस्तकं हवी असती तर ती दुकानात भरपूर होती. त्यांनी अशा लेखकाला उचललं ज्याच्याकडे माणसं भ्याड, लोभी, मानी असूनही दुसऱ्या दिवशी उठून आपापल्या कामाला लागतात.

1993 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या कवींच्या कोपऱ्यात त्याच्या नावाची शिळा बसवली. मृत्यूनंतर 111 वर्षं लागली. एवढा उशीर 'गोड लेखक' या शिक्क्याने केला, घड्याळाने नव्हे.

तेव्हा वाचकांना माझी एवढीच विनंती. सुरुवात 'द वॉर्डन'पासून करा, लहानशी आहे. मग 'बारचेस्टर टॉवर्स' जरूर वाचा, हसा, पण पहिलं प्रकरण दोनदा वाचा. मधल्या तीन कादंबऱ्या सवडीने. आणि 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बारसेट' हातात घेतलीत की क्रॉली बिशपच्या वाड्यावर जातो तिथपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका. सगळी पुस्तकं स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळी झालीत. इंटरनेटवर फुकट मिळतात. यादी करायचीच असेल तर पहिलं नाव त्या चेकच्या कादंबरीचं लिहा.